तानपुऱ्याची जवारी बंद वाटते: दोष घोडीचा की वयस्क कानाचा?

षड्जपंचम:
तानपुऱ्याची पट्टी (षड्जाची उंची) काळी एक. वादकाचं वय 72. ऑडिओग्राममध्ये (श्रवणचाचणीत) 1000 हर्ट्झपर्यंत 20-25 डेसिबल, 4000 ला 60; आकडा मोठा तितकं ऐकणं कमी. जोडी (मधल्या दोन षड्जांच्या तारा) बिनचूक लागते, पण जवारी (तार घोडीला, म्हणजे तिच्याखालच्या पुलाला, घासून येणारी झंकाराची चमक) बंद वाटते आणि खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून आपोआप उमटणारा गंधार सुटा ऐकू येत नाही. घोडीवर तारेखालचा दोरा सरकवून जवारी आणखी उघडावी का?

नादरेषा:
दोऱ्याला हात लावू नका. जवारीची चमक बरीचशी 2000 हर्ट्झच्या वरच्या उपस्वरांत (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या स्वरांत) असते आणि नेमकं तिथलंच ऐकणं उतरलंय. त्यांना बरं वाटेपर्यंत उघडाल तर बाकीच्यांना तार करकरेल.

जोडी का लागते? दोन षड्जांत अर्ध्या हर्ट्झचा फरक असला की दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो, ओसरतो. दोन्ही स्वर कानाच्या एकाच पट्ट्यात (कान जेवढ्या जवळचे स्वर एकत्र ऐकतो त्या टापूत) पडतात, त्यांना वेगळं करावंच लागत नाही. गंधाराचं उलट. खर्ज 69.3 हर्ट्झ, त्याचा पाचवा उपस्वर, म्हणजे गंधार, 346, शेजारचे दोन 69-69 हर्ट्झ अंतरावर. तिथे निरोगी कानाचा पट्टा साधारण 62 हर्ट्झ रुंद, म्हणजे गंधार जेमतेम सुटतो. आतल्या कानातल्या, पट्टा अरुंद ठेवणाऱ्या बाह्य केशपेशी निकामी झाल्या की पट्टा दुपटीने किंवा त्याहूनही पसरतो आणि चौथा, पाचवा, सहावा एकमेकांत मिसळतात.

कानमात्रा:
गणित मान्य, पण या माणसाला घाईने लावू नका. वयाची झीज कॉक्लियाच्या (आतल्या कानातल्या शंखाच्या) तळाकडून, म्हणजे उंच स्वरांकडून सुरू होते. 346 ला त्यांचं ऐकणं जवळपास शाबूत आहे. गंधार 693 आणि 1386 लाही असतो, जवारी त्याला वरूनही उजळवते. तो वरचा आधार कमी झाला असणं जास्त संभवतं. ऑडिओग्राम फक्त किती हळू आवाज ऐकू येतो ते सांगतो, पट्टा किती रुंद झाला ते नाही.

नादरेषा:
बरोबर. मग एकेक तार छेडून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम (कोणता उपस्वर किती जोरात ते दाखवणारा आलेख) बघा. 2000 ते 4000 मध्ये उपस्वर ठळक असतील तर घोडी ठीक आहे. श्रवणयंत्र असेल तर आधी ते काढून तुलना करा: सलग चालणाऱ्या तानपुऱ्याला यंत्र गोंगाट किंवा स्वतःची शिट्टी समजून दाबू शकतं.

कानमात्रा:
ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून घ्या. गोंगाट कमी करणं आणि उंच स्वर खाली सरकवणं बंद, शिट्टी रोखणं कमीत कमी. यंत्र आवाज वाढवेल. पसरलेला पट्टा अरुंद करणार नाही.