फंड तर नाउरूकडेही होता
'खनिजाचा पैसा फंडात टाकला की देश तरला' असं कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच खरं. फंड नाउरूकडेही होता की! प्रशांत महासागरातलं जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट, फॉस्फेटवर गब्बर झालेलं. पैसा मेलबर्नच्या टोलेजंग इमारतीत, स्वतःच्या विमान कंपनीत आणि १९९३ मध्ये लंडनच्या एका सपशेल आपटलेल्या संगीतिकेत गेला. (हो, संगीतिकेत!) खाणकामानंतर मधल्या पठारावर आता चुनखडीचे सुळके उरलेत, शेती सोडाच, तिथे धड चालताही येत नाही.

आफ्रिकेतला हिऱ्यांचा देश बोत्स्वाना शहाणा निघाला. १९९४ मध्ये देशाच्या बचतीचा पुला फंड, २०१३ मध्ये डी बिअर्स या हिरे कंपनीची कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून राजधानी गाबोरोनला. पण प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडले तसा बोत्स्वानाही अडचणीत आला. दुकान घरी आणलं, तरी माल तोच ना!