ठासणीच्या शिकारी बंदुकीचा चाप किती हलका असावा?

हिमरेघ (धागाकर्ता):
पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर केवळ चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या) बंदुकांसाठी राखलेला हरणांच्या शिकारीचा हंगाम १९७४ पासून चालू आहे आणि काही वर्षे मीही त्यात जातो. तेथील लांब नळीच्या पुष्कळ रायफलींना दोन चाप असतात: मागचा ओढला की आतली कमान ताणून बसते आणि पुढच्या चापाला मग जेमतेम स्पर्श पुरतो. गेल्या हंगामात मी असा चाप ताणून बसलो असतानाच हरीण झाडीत शिरले, आणि उठवलेला घोडा (चकमक धरणारा, चाप ओढताच आपटणारा भाग) बधिर बोटांनी खाली घेताना त्या थंडीतही मला घाम फुटला. शिकारीच्या बंदुकीला एकच चाप असावा आणि तो दीड-दोन किलोंच्या जोराखेरीज सुटू नये, असे माझे मत आहे.

कानसवाला:
मी असहमत आहे. नुसता आकडा पुरेसा नाही, हलकेपणा कोठून आला हे पाहायला हवे. दोन चापांच्या बंदुकीत घोडा अडवणारी खाच खोल ठेवता येते, कारण अडकण सोडवण्याचे काम ताणलेल्या कमानीचा ठोका करतो. एकच चाप हलका करण्यासाठी मात्र लोक घरीच कानस घेऊन तीच खाच उथळ करतात, आणि अशी बंदूक दस्ता खडकावर आपटला तरी उडू शकते. शिवाय चकमक घासल्यापासून नळीतली दारू पेटेपर्यंत नेम स्थिर राहावा लागतो. जड चाप ओढताना तो हलला, तर हरीण जखमी होऊन निसटते. घोडा उतरवण्यापूर्वी चकमकीसमोरची पोलादी पट्टी पुढे लोटून पेल्यातली रंजक (नळीबाहेरची, ठिणगीने आधी पेटणारी चिमूटभर दारू) झटकली होतीत का? तसे केल्यावर घोडा निसटला तरी ठिणगी पडत नाही.

हिमरेघ:
नव्हती झटकली, ही चूक मान्य. पण कुडकुडणाऱ्या माणसाला क्रम आठवेल, या भरवशावर मी यंत्र निवडणार नाही.

माडाखाली:
आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आहेत. आजोबांची बंदूक केपाची (चकमकीऐवजी घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या छोट्या टोपीने पेटणारी) होती, एका चापाची, आणि तो चाप इतका जड की लहानपणी मला दोन बोटांनीही ओढवत नसे. तरीही अर्ध्या खाचेवर (घोडा अर्धा उठवून सुरक्षित अडकवण्याच्या खाचेवर) ठेवलेला तिचा घोडा, रिकाम्या बंदुकीवर तपासताना, चाप जोराने दाबताच खाली पडे, कारण ती खाच झिजून गुळगुळीत झाली होती. जड चापाने आम्हाला फक्त खोटा धीर दिला.

हिमरेघ:
खाच जाणत्या कारागिराकडून तपासून घेतो. माझ्या बंदुकीत मागचा चाप न ताणताही पुढचा चालतो, फक्त जोर अधिक लागतो. येत्या हंगामात तेवढाच वापरीन.

कानसवाला:
आधी त्याच जड चापाने पन्नास मीटरांवरच्या कागदावर पाच बार काढा, हातमोजे घालून, आणि भोके किती पसरली ते येथे लिहा.