शब्दचर्चा : सपाटीकरण, भराव की उत्खनन?

ओसरी
आमच्या सोसायटीच्या मागच्या भूखंडावर दुसरी इमारत व्हायची आहे. जागा उताराची. वरच्या अंगाचा मुरूम काढून खालच्या अंगाला टाकायचा, असं ठरलंय. सभासदांसाठी मराठी परिपत्रक काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. इंग्रजी मसुद्यात दर दोन ओळींनी 'ग्रेडिंग' येतं आणि शब्दकोश त्याला 'प्रतवारी' म्हणतो. आम्ही हापूस निवडत नाही आहोत हो! 'सपाटीकरण' लिहू, 'उत्खनन' लिहू की 'खोदाई-भराई'? जागा पुणे जिल्ह्यातली आहे.

खडीसाखर
साइटवर 'सपाटीकरण' कोणाच्याच तोंडी नसतं. 'वरून कट घेतला, खाली भराव टाकला, लेव्हल काढली' एवढंच.

पण सपाटीकरणात एक खोट आहे. ग्रेडिंगमध्ये जमीन सपाट करायचीच नसते, पावसाचं पाणी इमारतीपासून लांब जाईल असा उतार मुद्दाम ठेवायचा असतो. गवंड्यांकडे त्याला जुना शब्द आहे: ढाळ. गच्चीला ढाळ, मोरीला ढाळ, तसाच आवारालाही ढाळ. माझं मत 'जमिनीला ढाळ देणे'. समास करायची हौस असेल तर 'भू-उतारणी' वगैरे करा, वाचणारा कोणी नसेल.

निवृत्त जेई
खडीसाखर, ढाळ सुंदर शब्द आहे, पण ओसरींचं परिपत्रक उद्या तहसील कार्यालयातही वाचलं जाईल. तिथे शब्द बदलला की टेबल बदलतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'उत्खनन' हा बोलीतल्या 'खोदाई'चा नुसता भारदस्त पर्याय नाही. पुरातत्त्ववाल्यांच्या उत्खननाबद्दल बोलत नाही, ते इनामगावसारख्या प्राचीन वसाहतीच्या जागेला शोभतं. महसूल खात्यात उत्खनन म्हटलं की त्याच्यापुढे 'गौण खनिज' हे शब्द आपोआप येतात. 'गौण' म्हणजे हलकं किंवा बिनमहत्त्वाचं नव्हे, कायद्याने केलेला तो एक वर्ग आहे. साधी माती या वर्गात कधी येते? केंद्र सरकारच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेनुसार बांध, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या बांधकामात भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली तर. म्हणजे तुमचे भराव आणि सपाटीकरण हे दोन निरुपद्रवी शब्दच मातीला खनिज करतात.

याच मुद्द्यावर पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटलं, पायासाठी खणलं एवढ्यावरून दंड लावता येणार नाही, निघालेल्या मातीचा उपयोग कशासाठी झाला ते आधी तपासा. पुढे २०१५ मध्ये राज्याने २०१३ च्या गौण खनिज नियमांत दुरुस्ती केली. भूखंड विकसित करताना निघालेली माती त्याच भूखंडावर सपाटीकरणाला किंवा विकासाच्या इतर कामाला वापरली, तर तिच्यावर स्वामित्वधन नाही. (स्वामित्वधन म्हणजे आपली रॉयल्टी. हा शब्द फक्त कागदावर जगतो.)

तेव्हा परिपत्रकात सगळ्यात महत्त्वाचे शब्द 'त्याच भूखंडावर' हे आहेत. डंपर फाटकाबाहेर पडला की स्वामित्वधन आलं, वाहतूक पास आला. पास नसेल तर मंडळ अधिकारी पंचनामा करतात आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. तुमचा 'मागचा भूखंड' आणि सोसायटीचा भूखंड कागदोपत्री एकच आहे का, हे आधी बघा. शब्द नंतर निवडा.

ओसरी
बापरे. बघायला लावते. आणि ब्रास म्हणजे नक्की किती? कंत्राटदार सगळं ब्रासमध्ये बोलतो.

निवृत्त जेई
शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. दहा मीटर बाय दहा मीटर जागा एक मीटर खोल खणली की साधारण ३५ ब्रास. मात्र हे खड्ड्याचं माप. खणलेला मुरूम फुगतो, त्यामुळे गाडीचं माप त्याहून जास्त भरतं. कंत्राटदाराला कोणत्या मापाने पैसे द्यायचे ते करारात लिहा. भांडणं 'ब्रास' या शब्दावरून होत नाहीत, तो कुठे मोजला यावरून होतात.

टेकडीप्रेमी
'टेकडीफोड' हा शब्द अजून कसा आला नाही? पुण्याच्या वर्तमानपत्रांत नेहमीचा. विकासक ज्याला सपाटीकरण म्हणतो, त्यालाच शेजारी टेकडीफोड म्हणतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत १:५ पेक्षा जास्त उताराच्या डोंगराळ जमिनीवर बांधकाम होत नाही. १:५ म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, जेमतेम अकरा अंश. परवानगीआधीच जेसीबी फिरला तर मोजायला तो उतारच उरत नाही. ओसरी, समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा आधी करून घ्या आणि परिपत्रकाला जोडा.

फोंडेकर
आमच्याकडे गोव्यात टेकडीफोड नाही, 'डोंगरकापणी' म्हणतात. आणि ती भरावाच्या जोडीनेच येते: डोंगर कापला, माती शेतात घातली. आमचा कायदाही या दोघांना एकाच कलमात धरतो. १९७४ च्या नगर नियोजन कायद्याचं कलम १७-अ, डोंगराळ जमीन कापायला आणि सखल जमीन बुजवायला लेखी पूर्वपरवानगी. सखल जमीन म्हणताना आम्हांला आधी खाजनं आठवतात, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, भरतीचं पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेतून) आत-बाहेर होणारी. तिथे भराव घातला तर पाणी शेजाऱ्याच्या घरात. म्हणून 'भराव' शब्द आमच्याकडे तक्रारीच्या सुरातच ऐकू येतो.

भातखाचर
थोडं विषयांतर. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी भागात उतारावर दगडी बांध घालून भातखाचरं करतात, एकमेकांच्या शेतात राबून. त्या कामाला 'पडकई' म्हणतात. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि यंत्राने केलेली पडकई वादात सापडली. हाताने हळूहळू होणारं काम आणि यंत्राने दोन दिवसांत होणारं काम, दोन्हींना एकच शब्द वापरला गेला. मला ते अन्यायाचं वाटतं. बदनाम जेसीबी व्हायला हवा होता.

खडीसाखर
भातखाचर, विषयांतर कसलं, हाच तर विषय आहे.

ओसरी
सगळ्यांचे आभार. कागद पाहिले, दोन्ही जागा एकाच भूखंडात आहेत. आता वाक्य असं करते: "वरच्या बाजूस खोदाई करून निघालेला मुरूम त्याच भूखंडाच्या सखल भागात भराव म्हणून वापरला जाईल व आवाराला रस्त्याच्या गटाराकडे ढाळ दिला जाईल. भूखंडाबाहेर माती नेली जाणार नाही." चालेल?

निवृत्त जेई
उत्तम. 'भराव'च्या आधी एवढं घाला: "१५ ते २० सेंटीमीटरच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून व धुम्मस करून". धुम्मस म्हणजे माती ठोकून घट्ट बसवणं. कंत्राटदाराला 'कॉम्पॅक्शन' लिहून दिलंत तर मान डोलावून निघून जाईल. धुम्मस म्हटलं की माणूस लावावा लागतो.