फोर्जिंगवरचं स्केल निघत नाही, शेजारी मात्र खड्डे

प्रश्न: ईएन-१९ या मिश्र स्टीलचे फोर्ज केलेले पार्ट तेलात क्वेंच (तापवून झटकन थंड) आणि टेम्पर (पुन्हा कमी तापमानाला तापवून) करून हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकतो. ॲसिड १५ टक्के, गरम न करता, ३० मिनिटं. काही ठिकाणी स्केल (तापवल्यावर येणारा ऑक्साइडचा थर) तसंच राहतं, शेजारी खड्डे पडतात. पुढे झिंक प्लेटिंग आहे. काय चुकतंय?

उत्तर १: आधी तेल बघा. टेम्परिंगमध्ये ते जळून चिकटतं आणि तिथे ॲसिड पोचत नाही. तेवढा भाग सुटावा म्हणून वेळ वाढवली की बाकीचं लोखंड खाल्लं जातं. गरम कॉस्टिक सोड्यात डीग्रीज करून (तेल काढून) धुवा. पार्टवर पाणी सलग पसरलं, थेंब तुटले नाहीत, तरच पुढच्या टाकीत घ्या. इनहिबिटर (ॲसिडला लोखंड खाऊ न देणारं रसायन) घालता का? टाकीतलं लोह लिटरला १०० ग्रॅमच्या वर गेलं असेल तर नुसतं ताजं ॲसिड ओतून भागणार नाही, टाकी बदला.

उत्तर २: हार्डनेस किती? ४० एचआरसीच्या (रॉकवेल सी हार्डनेस) आसपास असेल तर ॲसिड टाळाच. हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो, पार्ट तपासणीत पास होतो आणि लोडखाली नंतर तडकतो. त्यापेक्षा शॉट ब्लास्टिंग (बारीक गोळ्यांचा जोरात मारा) करा, ०.८ मिमीचे स्टील शॉट. बंद भोकांना प्लग लावा, शॉट आत अडकतात. प्लेटिंगमध्येही हायड्रोजन शिरतोच, म्हणून प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत २०० अंशांवर बेकिंग (हायड्रोजन बाहेर काढायला भट्टीत तापवणं) सुरू करा, पॅसिव्हेशन (झिंकवरचा रासायनिक संरक्षक थर) त्यानंतर.

प्रश्नकर्ता: ३२ एचआरसी. इनहिबिटर नाही.

उत्तर १: मग ॲसिड चालेल, पण इनहिबिटरशिवाय नको. जाड स्केल आधी ब्लास्टिंगने काढा, ॲसिडला ५ मिनिटं पुरतील.