उमरेड–धंतोली व्हीपीएन: पिंग जातो, पीडीएफ अडकते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या धंतोलीत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे आणि उमरेडला कलेक्शन सेंटर. सॅम्पल गाडीने इकडे येतात, रिपोर्ट तिकडे छापून पेशंटच्या हातात जातो. तिथलं नेट म्हणजे फोर-जी राउटर. पावसाळ्यात लाइट गेली की रेंजचाही भरवसा नाही.

'व्हॉट्सॲपवर टाका नं' असं सगळेच सुचवतात. ते वाटेत कोणी वाचू शकत नाही, मान्य. पण नाव, वय आणि एचआयव्हीचा निकाल असलेला कागद चार जणांच्या फोनमध्ये पडून राहावा, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून दोन्ही ठिकाणं व्हीपीएनने, म्हणजे नेटवरच्या खासगी बंद वाटेने, जोडली आहेत. आधी त्यासाठी ओपनव्हीपीएन हे सॉफ्टवेअर टीसीपीवर (पोच मिळेपर्यंत पॅकेट पुन्हा पाठवणारी पद्धत) होतं. रेंज परत आली तरी बराच वेळ काही हलायचं नाही. मग वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन लावलं; ते यूडीपीवर (पोचेची वाट न पाहणारी पद्धत) चालतं, राउटरचा आयपी (नेटवरचा पत्ता) बदलला तरी जोडणी टिकते, त्यामुळे तो त्रास मिटला. आता पिंग (जोडणी तपासायचं छोटं पॅकेट) जातो, लॉगिनचं पान उघडतं, पण पीडीएफ थोडी जाऊन थबकते. एरर काहीच नाही. शिवाय दुपारी काम थंडावलं की इथून उमरेडचा पीसी सापडतच नाही. तिथल्या ताईंनी काही उघडलं की लगेच सापडतो. 'मी तं काहीच नाही केलं जी, फक्त पान उघडलं!'

एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइझ, बाइटमध्ये) १४२०च आहे. धंतोलीला स्थिर आयपी आहे. कुठे बघू?

प्रतिसाद: छोटं पॅकेट पोचतं आणि मोठं मरतं, म्हणजे संशय एमटीयूवरच. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला आपलं वेष्टन चढवतं, त्यामुळे ते आणखी मोठं होतं. 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपी निरोप वाटेतल्या फायरवॉलने गिळला तर पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. दोन्ही टोकांना १२८० करून बघा.

दुसरं दुखणं नॅटचं. मोबाइल कंपनी अनेक गिऱ्हाइकं एकाच पब्लिक आयपीमागे ठेवते. काही वेळ शांतता राहिली की तिच्याकडची तुमच्या जोडणीची नोंद पुसली जाते, मग बाहेरून आत येता येत नाही. उमरेडच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद लावा, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट जाऊन ती नोंद जिवंत राहील.

धागाकर्ता: १२८० केलं, पीडीएफ गेली! मनापासून आभार. कीपअलाइव्ह लावलंय, दुपारी बघून कळवतो. उमरेडचा पीसी चोरीला गेला तर काय करायचं?

प्रतिसाद: सर्व्हरवरून तो पीअर (त्या पीसीची नोंद) काढून टाका, त्याची की (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) तिथेच निकामी होते. म्हणूनच प्रत्येक मशीनची की वेगळी हवी. पण त्या पीसीवर आधीच उतरलेले रिपोर्ट वायरगार्ड वाचवणार नाही. त्यासाठी डिस्क एन्क्रिप्ट करा, आजच.