पंजाची सूज उतरली, पण कशामुळे?
रॅटला अर्क दिला, पंजात कॅराजीनन (मुद्दाम सूज आणणारा, समुद्री शेवाळातला पदार्थ) टोचलं, आणि तिसऱ्या तासाला सूज कमी दिसली म्हणून अर्क दाहशामक, हा एका प्रयोगाचा निष्कर्ष घाईचा वाटतो. अर्क पोटात टोचून दिलाय, तिथेच शंका आहे: उदरपोकळीत क्षोभ करणारे पदार्थही पंजाची सूज उतरवतात. तोंडावाटे, कॅराजीननच्या तासभर आधी देऊन बघा. 1% कॅराजीनन सलाइनमध्ये आदल्या रात्रीच भिजवा, नाहीतर गुठळ्यांनी सुई अडते. तळव्याच्या कातडीखाली 0.1 मिली पुरे. सूज मोजायला पंजा द्रवात बुडवतात, तेव्हा घोट्यावर शाईची खूण हवीच, पंजा जरा खोल बुडाला की आकडा फुगतो. नियंत्रण गटाला नुसतं पाणी नको, अर्क ज्यात कालवला तेच द्रावण द्या. आणि पहिल्या तासाचं मापही घ्या (हे बरेच जण गाळतात): सूज आणणाऱ्या शरीरातल्या रसायनांपैकी तेव्हाची सूज मुख्यतः हिस्टामिन-सेरोटोनिनची, प्रोस्टाग्लँडिनचा जोर नंतरचा.