अनुभव धागा: गोव्याहून स्वतःच्या शिडाच्या बोटीने गॉल (श्रीलंका), माल्दीव

चोर्ला_उतार
मांडवीत शिडाची बोट दिसली आणि जुनं सगळं आठवलं, म्हणून धागा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे जे कोणी असे गेलेत त्यांनी लिहा. कामाचं सांगा, गोष्टी नंतर. मुरगाव ते कोची सुमारे ३५० सागरी मैल, ५ नॉटने (तासाला ५ सागरी मैल) ७० तास. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा खारा वारा. मधे इंजिनच. कारवारला नौदलाचा तळ आहे, लांबून जा.

उद्यमबागवाला
इंजिन गार ठेवणाऱ्या समुद्रपाण्याच्या पंपाचे रबरी इम्पेलर (पात्यांची चाकं) २ जास्तीचे ठेवा की ओ. पाती तुटली तर तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. सगळे मोजून काढा, नाहीतर नवा इम्पेलर घालून पण इंजिन तापतंच. शॅकल (दोर-साखळी जोडायच्या कड्या), बोल्ट बेळगावच्या उद्यमबागेत कोण पण करून देईल, पण ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील सांगा. ३०४ ग्रेड बाहेरून चकचकीत आणि आत फटीत गंजलेलं.

म्हादईकाठचा
मांडवी म्हणजे आमच्या खानापूरची म्हादई बरं का. नौदलाची ५६ फुटी ‘म्हादई’ दिवाडी बेटावरच बांधली. तिच्यावरूनच दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जगाला फेरी मारून आले. विषय सोडून झालं, असूदे.

निपाणीची_ताई
भाकरी तव्यावर आहे, पटकन. कोचीला इमिग्रेशनचा शिक्का, कस्टम्स, बंदराचे पैसे, सगळं करून क्लिअरन्स (बंदर सोडायचा परवाना) हातात घ्या. त्यावर पुढच्या बंदराचं नाव बघा, गॉलला आधी तोच कागद मागतात. क्रू लिस्टच्या १० प्रती, बोटीच्या नावाचा रबरी शिक्का. गॉलला एजंट लागतो, आधीच ठरवा. पोचलं की पिवळा झेंडा वर, तपासणी होईतो कोणी उतरायचं नाही.

चोर्ला_उतार
ताई, माल्दीवचं?

निपाणीची_ताई
उत्तरेला उलिगामूला आत घेतात. कोचीहून २६० मैल धरा. दारू किनाऱ्यावर नेता येत नाही, पूजेच्या मूर्तीलाही बंदी. बोटीत गणपती बसवलेला असेल तर आधी विचारून घ्या.

शिडातला_वारा
थुराया, इरिडियम हे सॅटेलाइट फोन भारतात विनापरवाना ठेवू नका, थेट पोलीस केस. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालू असूदे. रात्री बिनदिव्याच्या होड्या आणि जाळी. बोटीच्या पंख्यात दोर गुंतला की इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच दातेरी सुरी घेऊन पाण्यात. कन्याकुमारीनंतर मन्नारच्या आखातातून ईशान्येचा वारा डाव्या बाजूने दाबून येतो. दुसरा रीफ (शीड आखडायची दुसरी पायरी) आधी कोवलमलाच बांधा, पुढे आखातात लाटेत नाचत बांधायला जमत नाही.

उद्यमबागवाला
+१. डिझेल गाळूनच भरा. लाटेत टाकी ढवळली की तळाचा गाळ फिल्टरमध्ये, आणि इंजिन नको त्या वेळी बंद.

कुंदाप्रेमी
बोटीत बेळगावचा कुंदा (दुधाची मिठाई) किती दिवस टिकतो?

निपाणीची_ताई
फ्रीज नसेल तर विसरा. गोकाकचा करदंट (सुक्या मेव्याची मिठाई) न्या.

म्हादईकाठचा
अमिनगडचा म्हणा ओ ताई.